चार चाळीसची बस

(डोंगरातल्या शहरातून निघालेली टॅक्सी. मागे दोघी बहिणी, पुढे ड्रायव्हर. सकाळचे नऊ.)

धाकटी : तळ्याच्या गावाला जाऊन तळं न बघता परत येणाऱ्या जगात आपण दोघीच असू, ताई. ड्रायव्हरदादा, तुम्ही सांगा, अशी गिऱ्हाइकं कधी पाहिलीत?

ड्रायव्हर : नाही बुवा. लोक तळ्यात पडलेले पाहिलेत. न बघता परत आलेले नाहीत.

थोरली : उगाच काहीतरी. बस-स्टँडच्या कोपऱ्यातून छान दिसत होतं तळं.

धाकटी : दोन हात पाणी! चार तास होतो तिथे, त्यातले दोन तू वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभी. एका भल्या माणसाला वाटलं, बाईंना नीट दिसत नाही. येऊन वाचून दाखवलं बिचाऱ्याने.

थोरली : दोन वेळा चुकीच्या वाचल्या त्याने.

धाकटी : आणि तू त्याला सुधारलंस! डोळे वटारून बघत गेला तो. काल गिरणीच्या गावात तेच. एवढी जुनी कापडगिरणी, आतले माग बघायला लोक लांबून येतात, आणि आमच्या ताईसाहेब कुठे? चौकशीच्या खिडकीपाशी. "शेवटची बस किती वाजता?" अगं, आपल्याकडे टॅक्सी आहे! बस चुकली तरी काय बिघडणार होतं?

थोरली : पाच चाळीस.

धाकटी : काय?

थोरली : गिरणीच्या गावची शेवटची बस. तळ्याच्या गावचीही पाच चाळीस. या शहराच्या आसपासची सात गावं आहेत, एका दिवसात जाऊन येण्यासारखी. सहांच्या शेवटच्या बसेस पाच चाळीसला सुटतात.

धाकटी : आणि सातव्याची?

थोरली : आज तिथेच चाललोय आपण.

ड्रायव्हर : चार चाळीस. मोठ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं मला.

थोरली : वेळ नाही, कारण विचारलं होतं. ते तुम्ही सांगितलं नाहीत.

ड्रायव्हर : सांगून पटायचं नाही, मावशी. साडेतीनपर्यंत थांबा, आपोआप कळेल.

धाकटी : साडेतीनला काय होतं?

ड्रायव्हर : ते साडेतीनला.

धाकटी : घ्या! आधीच एक कोडं घालणारी घरात होती, आता दुसरे भाड्याने घेतले.

थोरली : हॉटेलच्या मॅनेजरनी मला कारण सांगितलं. म्हणाले, पूर्वी त्या बसवरचा चालक शहरातल्या एका घरचा जावई होता. सासूबाई सहाच्या ठोक्याला ताटं मांडायच्या, म्हणून तो तासभर आधी निघायचा.

ड्रायव्हर : काय पण एकेक! त्या मॅनेजरला स्वतःच्या हॉटेलचे जिने किती ते माहीत नाही.

थोरली : गिरणीच्या गावातले एक आजोबा म्हणाले, त्या गावचं घड्याळच तासभर पुढे आहे. आणि तळ्याच्या गावचा कंडक्टर म्हणाला, असेल काहीतरी साहेबांच्या डोक्यातलं.

ड्रायव्हर : यांतला एकही माणूस दुपारनंतर त्या गावात थांबलेला नाही. बरं, पाच मिनिटं गाडी लावतो. पुढे घाट आहे, चाकांत हवा भरून घेतो. तुम्ही आतच बसा, बाहेर वारा बोचतोय.

धाकटी : गेला तो. आता बोल.

थोरली : काय बोलू?

धाकटी : ताई, मी तुझी सख्खी बहीण आहे. साठ वर्षं ओळखते तुला. तुला डोंगर आवडत नाहीत, थंडी सोसत नाही, जिने चढताना तुझे गुडघे कुरकुरतात. आणि एक दिवस तुझा फोन, "चिंगे, चार दिवस डोंगरात जाऊ." मी मेली खूश होऊन नवे बूट घेतले! बुटांना अजून स्टँडच्या फरशीशिवाय काही माहीत नाही. काय शोधतेयस?

थोरली : तुला आठवतं का, प्रकाशनात मी प्रवासाच्या पुस्तकांची प्रुफं तपासायचे?

धाकटी : न आठवायला काय झालं? हॉस्टेलमधून मी आईला पत्रं लिहायचे, ती तू तपासून मला परत पाठवायचीस. लाल शाईत! "घरची फार आठवण येते" याच्यापुढे तू उद्गारचिन्ह घातलं होतंस.

थोरली : या शहरावरचं एक पुस्तक होतं आमचं. पिवळं, खिशात मावेल असं. शेवटच्या प्रकरणात एका दिवसाच्या सहली. त्यात एक तक्ता होता. सात गावं, जाण्याच्या वेळा, परतीची शेवटची बस. लेखक स्वतः सातही गावं हिंडून आला होता. त्याच्या हस्तलिखितात सहा ठिकाणी पाच चाळीस होतं आणि सातव्या ठिकाणी चार चाळीस.

धाकटी : बरोबरच होतं की मग.

थोरली : मी ते पाच चाळीस केलं.

धाकटी : तू?

थोरली : वरून खाली बोट फिरवत आले. पाच चाळीस, पाच चाळीस, पाच चाळीस. शेवटी चार. मला वाटलं, हात घसरला लेखकाचा. एक रेघ मारली आणि वर पाच लिहिलं. क्षणभराचं काम.

धाकटी : अगं, मग फोन करून विचारायचं ना त्याला.

थोरली : शंका आली असती तर विचारलं असतं, चिंगे. मला शंकाच आली नाही. पंधरा वर्षं लोकांच्या चुका काढल्यावर चूक दिसली की हात आपोआप जातो. ती चूक नाहीच असं मनात येत नाही.

धाकटी : मग? एवढ्यासाठी आपण डोंगर चढतोय? एका आकड्यासाठी?

थोरली : पुस्तक सहा वर्षं तसंच विकलं गेलं. मग एक पत्र आलं. एका नर्सचं. ती इथे आठवडाभराच्या प्रशिक्षणाला आली होती. शेवटच्या दिवशी सुट्टी मिळाली, म्हणून पुस्तक बघून त्या सातव्या गावाला गेली. घरी आई आजारी होती. त्याच रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं. पाच वीसला स्टँडवर पोचली. बस कधीच गेली होती. दुसरं वाहन नाही. सकाळी शहरात आली, पुढची गाडी पकडली, घरी पोचली तोवर आईला जाऊन काही तास झाले होते.

धाकटी : अरे देवा.

थोरली : तिने शिव्या दिल्या नव्हत्या. सगळं सांगून शेवटी एकच विचारलं होतं. "पुस्तकात पाच चाळीस कसं आलं?"

धाकटी : मग काय उत्तर दिलंत?

थोरली : कार्यालयाने दिलं. "छपाईतील चुकीबद्दल दिलगीर आहोत." छपाईत काही चूक झालीच नव्हती. छापणाऱ्यांनी मी लिहिलं ते बरहुकूम छापलं. आणि त्या उत्तराचं प्रूफसुद्धा माझ्याच टेबलावर आलं. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि पुढे पाठवलं.

धाकटी : ताई...

थोरली : एकोणीस वर्षं झाली. पत्ता आहे माझ्याकडे. दर वर्षी कागद घेऊन बसते आणि अडते. मी बदललं हे लिहायचं ठरवते, पण मग वाटतं, निदान त्या बाईला पुरतं तरी सांगावं. त्या एका गावची बस आधी का सुटते हेच मला माहीत नाही. ते कळलं की लिहिणार. आज नाही लिहिलं तर या जन्मी माझ्याच्याने होणार नाही, हेही मला माहीत आहे.

धाकटी : आणि हे मला एकोणीस वर्षं सांगितलं नाहीस. मला! जिला तू शेजारणीच्या फुटलेल्या कपापासून सगळं सांगतेस.

थोरली : तू हसून उडवून लावलं असतंस.

धाकटी : हो, लावलं असतं. तुझ्या बाजूने उडवून लावलं असतं. त्याचं दुःख झालं असतं का तुला?

थोरली : झालं असतं. तो येतोय बघ.

ड्रायव्हर : झालं. दोन चाकं उपाशीच होती. काय हो, दोघी अशा गप्प का? भांडण?

धाकटी : नाही. तुमचे साडेतीन वाजायची वाट बघतोय.

ड्रायव्हर : मग जरा खिडकीबाहेर बघा. हा घाट दुसरीकडे नाही मिळायचा.

धाकटी : अगं ताई, बघ ना! शहर केवढंसं दिसतंय. आपलं हॉटेल कुठलं? ते हिरव्या छपराचं?

थोरली : हिरव्याच्या डावीकडचं. ड्रायव्हर, रस्त्यावर हे पाणी कुठलं?

ड्रायव्हर : झरे आहेत वर. बाराही महिने रस्त्यावरून वाहतात. दिवसा नुसतं ओलं. त्याच्याकडे लक्ष ठेवा, मावशी. कामाला येईल.

धाकटी : आलं का गाव? एक रस्ता, वीस दुकानं, आणि डोक्यावर हा एवढा कडा! मान मोडेल वर बघता बघता.

ड्रायव्हर : हेच. बटणांचं गाव. घराघरात बटणं बनतात. लाकडाची, शिंगाची. तो समोरचा मोठा कारखाना, आत कुणालाही सोडतात. हा स्टँड. मी गाडी इथे लावतो.

धाकटी : ताई, फळा नंतर वाच. आज मी तुला ओढून नेणार.

थोरली : फळा वाचला. चार चाळीस. चल.

धाकटी : (दुपारी, कारखान्यातून परत येत) दादा! ओ दादा, हे बघा काय आणलं मी. अकरा बटणं. बारावं बाईंनी दिलंच नाही, म्हणाल्या रंग जुळत नाही. मला तर सगळी सारखीच दिसत होती.

ड्रायव्हर : बायका निवडतात ना खिडकीत बसून, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

थोरली : एक गोष्ट विचारायची होती. त्या खोलीत बारा जणी बसल्या होत्या. सव्वातीन वाजले आणि सगळ्यांनी डबे बंद करायला घेतले. मी विचारलं, एवढ्यात सुट्टी? तर म्हणाल्या, आता काळं आणि गडद निळं वेगळं ओळखू येणार नाही. दिवा लावला तरी नाही. निवडायचं ते उन्हातच.

धाकटी : आणि बाहेर तर लख्ख ऊन! मला वाटलं, कामचुकार आहेत झालं.

ड्रायव्हर : किती वाजले?

थोरली : तीन अठ्ठावीस.

ड्रायव्हर : घड्याळ ठेवा पिशवीत. ती टपालाची पेटी दिसते? तिच्या पलीकडची जमीन बघत राहा.

धाकटी : काय बघू? फरशी आहे, एक कुत्रं झोपलंय... अगं बाई! ताई, सावली सरकतेय! चालत येतेय बघ! कुत्रं उठलं!

ड्रायव्हर : ते रोज उठतं. आता समोर उन्हात जाऊन झोपेल. दहा मिनिटांनी तिथूनही उठेल.

थोरली : सूर्य कड्यामागे गेला.

ड्रायव्हर : मावळला नाही, नुसता मागे गेला. शहरात अजून दोन तास ऊन आहे. तळ्याकडे आहे, गिरणीकडे आहे. आमच्या गावात संध्याकाळ झाली.

धाकटी : बाप रे, कसली गार झाली हवा एकदम! समोरच्या डोंगरावर ऊन आणि इथे दुकानांत दिवे लागले. मला माझे कान सापडेनात.

थोरली : आणि झऱ्यांचं ते पाणी?

ड्रायव्हर : बरोबर पकडलंत. सावली आली की दीड-दोन तासांत रस्त्यावर गोठून त्याची काच होते. चार चाळीसला निघालेली बस काच व्हायच्या आत घाट उतरते. पाच चाळीसला निघाली तर दरीत. उन्हाळ्यात एवढं नसतं, पण वेळ एकच ठेवलीय वर्षभर. दोन वेळा केल्या की माणसं गोंधळतात.

थोरली : एवढंच?

ड्रायव्हर : एवढंच. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हं, बरं. म्हणून म्हटलं थांबा.

थोरली : लेखक इथे उभा होता. त्याने हे पाहिलं होतं. मी चौथ्या मजल्यावर पंख्याखाली बसून त्याला खोटं ठरवलं.

ड्रायव्हर : कोण लेखक?

धाकटी : काही नाही हो. पण मग बस चुकली तर माणसाने करायचं काय?

ड्रायव्हर : आता कुणी चुकत नाही. पूर्वी मात्र भारी गंमत होती. माझे बाबा याच खिडकीत तिकिटं द्यायचे. मी इथलाच ना. बस गेली की बाबा हिशेब उरकून खिडकी बंद करणार, एवढ्यात त्या वळणावरून कुणीतरी आरामात चालत येणार. हातात पिवळं पुस्तक. "अजून वीस मिनिटं आहेत ना?" त्यात वेळ चुकीची छापली होती. त्यांना आम्ही पुस्तकवाले म्हणायचो. गावात कुणी कशाला उशिरा आलं तर अजून म्हणतात, आला बघा पुस्तकवाला.

थोरली : असे किती यायचे?

ड्रायव्हर : आठवड्याला दोन-तीन. सुट्टीच्या दिवसांत जास्त. पाच-सहा वर्षं चाललं ते.

थोरली : आठवड्याला दोन-तीन.

धाकटी : ताई, बस जरा. या बाकावर बस.

थोरली : मला वाटत होतं एकच बाई होती. एकोणीस वर्षं मी एकीचाच विचार करत होते.

ड्रायव्हर : काय झालं मावशींना? हवा विरळ आहे, होतं कधीकधी.

थोरली : हवेचं काही नाही. ते पाच चाळीस मी केलं होतं, ड्रायव्हर. लेखकाने बरोबर लिहिलं होतं. ते मी बदललं.

ड्रायव्हर : तुम्ही?

थोरली : मी. बाकीच्या सहा गावांसारखं करून टाकलं.

ड्रायव्हर : ...अच्छा.

धाकटी : मुद्दाम नाही हो केलं तिने.

थोरली : तू मध्ये पडू नकोस, चिंगे. ती माणसं रात्री कुठे राहायची?

ड्रायव्हर : आमच्याच घरी. दुसरं होतंच काय? आधी बाबांशी भांडायची, मग आई पाय शेकायला गरम पाणी द्यायची, मग गप्प व्हायची. आम्ही भावंडं एका खोलीत कोंबलेली. परीक्षा असली की मला फार राग यायचा.

थोरली : एक नर्स होती. एकटी. रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं तिच्याकडे. आठवते का तुम्हाला?

ड्रायव्हर : खोटं कशाला सांगू, मावशी? नाही आठवत. तिकिटं सगळ्यांकडेच असायची. कुणी रडायचं, कुणी खेळायला पत्ते मागायचं. बाबा म्हणायचे, तो पुस्तकवाला साहेब कधी हाती लागला तर त्याला पाच वाजता इथे उभा करीन. एक शब्द बोलणार नाही. नुसता उभा करीन.

थोरली : करा मग.

ड्रायव्हर : आता बाबा नाहीत. आणि मला घाट उतरायचाय. चार चाळीसला गाडी सुटणार, तुम्ही असाल किंवा नसाल.

थोरली : अजून पन्नास मिनिटं आहेत. मला या खिडकीच्या फळीवर लिहायला चालेल?

ड्रायव्हर : लिहा की. थांबा, फळी पुसून देतो. गाडीत शाल आहे, तीही आणतो.

धाकटी : ताई, बोटं गारठतील. हॉटेलवर जाऊन लिही ना.

थोरली : हॉटेलवर गेले की उद्यावर जाईल. कागद दे.

धाकटी : हा घे. आता तुला सगळं लिहिता येईल. कडा, सावली, झऱ्याचं पाणी, त्याची काच. बटणं निवडणाऱ्या बायकासुद्धा लिही, फार गोड आहे ते. मग तिलाही समजेल ना, की इथे न येता कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

थोरली : तेच लिहायला आले होते.

धाकटी : मग लिही!

थोरली : नको. ही सबब होईल, चिंगे. डोंगराच्या नावावर खपवल्यासारखं. आणि सावलीचं मी तिला काय सांगू? ती इथेच उभी होती. पाच वीसपासून.

धाकटी : खरंय ते.

ड्रायव्हर : ही घ्या शाल. काच पडायला लागलीय वर, मला वास येतो त्याचा. घाई नाही करत, नुसतं सांगतोय.

धाकटी : काचेला वास येतो?

ड्रायव्हर : इथे जन्मलात तर येतो.

धाकटी : ताई, झालं? एवढ्यात? निम्मा कागदसुद्धा भरला नाही. मी वाचू?

थोरली : वाच. मोठ्याने वाच, यांनाही ऐकू दे.

धाकटी : "सप्रेम नमस्कार. आपण विचारलं होतं, पुस्तकात पाच चाळीस कसं आलं. लेखकाने चार चाळीसच लिहिलं होतं. छपाईत चूक झाली नाही. ते मी बदललं, कुणालाही न विचारता. मी प्रुफं तपासत असे. हे तेव्हाच लिहायला हवं होतं." आणि खाली तुझं नाव, पत्ता.

ड्रायव्हर : आणि पुढे, मावशी?

थोरली : पुढे काही नाही. तिने एवढंच विचारलं होतं.